डाव्या गुडघ्याचं खरं

क्लबमध्ये सगळे त्यांना काका म्हणत. खेळाडू, कोच, फाटकावरचा पहारेकरी, एवढंच काय, वयाने त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला बसचा ड्रायव्हरसुद्धा. बास्केटबॉलच्या त्या क्लबात ते बावीस वर्षं मालिशवाले होते. सामन्याआधी पाय मोकळे करून द्यायचे, सामन्यानंतर आखडलेले स्नायू सोडवायचे, घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, बर्फाच्या पिशव्या भरून ठेवायच्या. स्टेडियमच्या पोटात, कपडे बदलायच्या खोलीला लागून त्यांची खोली होती. खिडकी नाही. भेगा पडलेल्या रेक्झिनचं एक टेबल, भिंतीला बेसिन, आणि मलमाचा असा वास की घरी पोचले की बायको दारातच म्हणायची, "आधी हात धुऊन या, मग बोला." हात दोनदा धुतलेले असायचे. वास जायचा नाही.

टेबल मुळात एवढं लांब नव्हतं. संघातला सगळ्यात उंच पोरगा लंबू एकोणीस वर्षांचा असताना पहिल्यांदा त्यावर आडवा झाला, तेव्हा त्याचे पाय पोटरीपासून बाहेर लोंबकळत होते. काकांनी दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून टेबलाला फळी जोडून घेतली. त्याला आता बारा वर्षं झाली होती. त्या बारा वर्षांत लंबू क्लबचा तारा झाला. शहरातल्या बसगाड्यांवर त्याचा हात वर केलेला फोटो असायचा. लोक तिकिटाच्या रांगेत क्लबचं नाव घेत नसत, 'आज तो खेळतोय का' एवढंच विचारत.

त्याच्या जोडीला होता बुटक्या. चेंडू पुढे नेणं आणि वाटून देणं हे त्याचं काम. बुटक्या म्हणजे चारचौघांत उंचच, पण लंबूच्या शेजारी उभा राहिला की बुटका, म्हणून ते नाव चिकटलं. नऊ वर्षं दोघं एकत्र खेळले. बुटक्या न बघता चेंडू फेकायचा, आणि तो पोचायच्या आत लंबू तिथे असायचा. काका बाकाच्या टोकाला बसून हे बघायचे आणि प्रत्येक वेळी त्यांना थोडं नवल वाटायचं.

पाच वर्षांपूर्वी लंबूच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले झकास झाली. झालीही होती. पण डॉक्टरांच्या यंत्राला जे दिसतं ते काकांच्या अंगठ्यांना आधीच कळायचं. गेल्या वर्षभरापासून वाटीच्या खाली, आतल्या बाजूला, काहीतरी करकरत होतं. वाळूतून चाकाची खुर्ची ढकलावी तसं. पूर्वी सामन्यानंतरची सूज सकाळपर्यंत उतरायची. आता तीन दिवस लागत. लंबू म्हणायचा, "काही नाही काका, थकवा आहे." काकाही म्हणायचे, "हो, थकवा आहे." दोघांनाही त्यात आपलं भलं दिसत होतं.

अशात त्याचा करार संपत आला. क्लब दोन वर्षांचा नवा करार द्यायला तयार होता. दुसऱ्या शहरातला एक बडा क्लब चार वर्षांचा देत होता. लंबू 'विचार करतोय' म्हणाला, आणि विचार करता करता सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत क्लबमधलं एकही काम धड पुढे सरकलं नाही. नवे खेळाडू कोणते घ्यायचे ते कोचला ठरवता येईना. बुटक्याचा स्वतःचा करार लंबूच्या कराराच्या मागे अडकून पडला होता. पोस्टरवर कोणाचा फोटो टाकायचा म्हणून छापखान्यातला माणूस रोज येऊन बसायचा आणि चहा पिऊन जायचा. काका सकाळी उठायचे तेच दमलेले. कोणी काही जड उचलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मानेला गाठी आल्या होत्या, आणि त्या सोडवायला सगळे काकांकडेच येत होते.

एका सकाळी मॅनेजरने त्यांना वर बोलावलं. वरच्या मजल्यावरच्या त्या गालिच्याच्या खोलीत काका बावीस वर्षांत पाचसहा वेळा गेले असतील. मॅनेजरने स्वतः उठून खुर्ची सरकवली, तेव्हाच काकांच्या मनात पाल चुकचुकली.

"काका, तो चार वर्षं मागतोय. मी मालकांना पटवू शकतो. पण मला त्या गुडघ्याचं खरं सांगा. चालेल चार वर्षं?"

"डॉक्टरांचा रिपोर्ट आहे ना साहेब."

"रिपोर्ट वाचला मी. तुम्हाला विचारतोय."

काकांनी बराच वेळ गालिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "साहेब, टेबलावर जे कळतं ते मी टेबलावरच ठेवतो. एकाचं सांगितलं तर उद्या दुसरा कोणी माझ्यापुढे पाय पसरणार नाही."

"तुम्ही क्लबचे आहात की त्याचे?"

यावर काका काहीच बोलले नाहीत. मॅनेजरने मान हलवली, म्हणाला, "बरं. कळलं."

जिना उतरताना काकांच्या लक्षात आलं, त्याला खरंच कळलं होतं. गुडघा धडधाकट असता तर आपण फटकन 'काही काळजी नाही' म्हणालो असतो. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो, तेच सांगणं झालं. ते मधल्या पायरीवर कठडा धरून थोडा वेळ उभे राहिले. परत वर जाऊन काय बोलणार होते? क्लबने दोन वर्षांचा आकडा बदलला नाही.

चार दिवसांनी दुपारी लंबू टेबलावर आडवा झाला. खोलीत दोघंच होते. काकांनी गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल सरकवला.

"काका, चार लोक चार गोष्टी सांगतात. तुम्ही मला कधी फसवलं नाही. किती राहिलंय यात?"

काकांचे अंगठे थांबले. इथे लपवायला जागा नव्हती. गुडघा त्याचाच होता.

"दोन हंगाम. फार जपलास तर त्यापुढे थोडं."

लंबू छताकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. काकांना वाटलं होतं, हे ऐकून तो म्हणेल, मग आपल्या माणसांतच खेळून संपवतो. इतकी वर्षं ज्या लोकांनी डोक्यावर घेतलं त्यांच्यासमोर शेवट करतो. काकांनी मनातल्या मनात ते चित्र रंगवलंही होतं.

"म्हणजे मला चार वर्षांचाच करार घ्यायला हवा," लंबू म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे बघितलं.

"बघा ना. इथे दोन वर्षांनी टाळ्या वाजवतील आणि निरोप देतील. तेव्हा मी तेहतीसचा, पाय मोडका, आणि दुसरं काही येत नाही मला. आई आहे, बहीण आहे, तिची दोन मुलं आहेत. सगळा डोलारा या एका गुडघ्यावर उभा आहे. तिथे मी बसून राहिलो तरी चार वर्षं निघतील." मग जरा थांबून तो म्हणाला, "त्यांना वाईट वाटेल. बुटक्याला जास्त."

"त्याला सांगितलंस?"

"जमत नाहीये."

काकांनी पुन्हा हात चालवायला सुरुवात केली. त्यांना त्याचं काही चुकतंय असंही म्हणता येईना. थोड्या वेळाने लंबू म्हणाला, "तुम्ही चला माझ्याबरोबर. मी तशी अट घालायला सांगतो. तुमच्याशिवाय हा गुडघा कोणाच्या हाती द्यायचा?"

काकांनी हे घरी सांगितलं. बायको एका इस्पितळात कपड्यांच्या विभागात होती. चादरी, पडदे, डॉक्टरांचे डगले सगळं तिच्या हाताखालून जायचं. तिची नोकरीची सहा वर्षं बाकी होती. ती भांडी विसळत होती. पाणी बंद करून म्हणाली, "माझं मी बघीन. तुम्हाला जायचंय का ते सांगा."

"कळत नाही."

"अहो, त्याच्या गुडघ्याचं सगळ्या जगाला सांगता येतं तुम्हाला. स्वतःचं काय?"

"सगळ्या जगाला कुठे सांगितलं? एकालाही नीट नाही सांगितलं." मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "नव्या शहरात नवीन पायऱ्या चढायचं जिवावर आलंय गं."  बायकोने पाणी पुन्हा सोडलं.

काका गेले नाहीत. नव्या क्लबच्या डॉक्टरांनी लंबूला तपासून पास केलं. काकांना कोणी विचारलं नाही. बातमी क्लबच्या उपाहारगृहातल्या टीव्हीवर आली तेव्हा बुटक्या नाश्ता करत होता. त्याने पूर्ण बातमी ऐकली, बशी उचलून नेऊन ठेवली आणि सरावाला गेला. त्या दिवशी त्याने शंभर चेंडू बास्केटमध्ये टाकले.

पुढचा हंगाम म्हणजे सांगण्यासारखं फार नाही आणि विसरण्यासारखंही नाही. पहिल्याच सामन्यात बुटक्याने सवयीने न बघता चेंडू फेकला आणि तो सरळ रेषेबाहेर, पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या मांडीवर गेला. लंबू असायचा तिथे कोणी नव्हतंच. प्रेक्षक हसले. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा कमी हसले. तिसऱ्या सामन्यापासून बुटक्या चेंडू फेकण्याआधी थांबून बघायला लागला. तेवढ्या वेळात समोरचा माणूस मध्ये येऊन चेंडू हिसकावून न्यायचा. लंबूच्या जागी आणलेला पोरगा वाईट नव्हता. पण लोक त्याच्याकडे अशा नजरेने बघायचे, जणू त्यानेच लंबूला हाकलून दिलंय. जाहिरातवाले निम्मे झाले. हंगामाच्या मध्यावर कोचला काढलं. जाताना कोच काकांच्या खोलीत आला, टेबलावर पाच मिनिटं नुसता बसला आणि म्हणाला, "माझी पाठ आत्तापर्यंत कधी दाखवली नाही तुम्हाला." काकांनी त्याची पाठ चोळून दिली.

बुटक्याचा उजवा खांदा दुखायला लागला. तो टेबलावर पालथा पडलेला असताना एकदा त्याने विचारलं, "काका, तुम्हाला आधी माहीत होतं?"

काकांनी सांगितलं. मॅनेजरचं, लंबूचं, दोन हंगामांचं, सगळं. बुटक्या उठून बसला.

"तुम्ही त्याला सांगितलंत म्हणून तो गेला."

"हो. तसंच म्हणावं लागेल."

"मग खोटं का नाही बोललात? चार वर्षं चालेल म्हणाला असतात, तर तो राहिला असता. त्याला इथून जायचं नव्हतं, काका. भीती वाटली म्हणून गेला तो."

काकांनी खूप आठवून बघितलं. "मला सुचलंच नाही रे," ते म्हणाले. आणि ते खरं होतं.

बुटक्या शर्ट घालून निघून गेला. पुढचे दोन महिने तो खांदा दाखवायला बाहेरच्या कुठल्याशा दवाखान्यात जायचा. कॉरिडॉरमध्ये समोर आला तर मान हलवायचा, तेवढंच. काकांना त्याचा राग आला नाही. फक्त, बावीस वर्षांत त्यांचं टेबल पहिल्यांदा दुपारभर रिकामं राहू लागलं. हंगामाच्या शेवटी संघ शेवटून दुसरा आला आणि खालच्या गटात ढकलला गेला.

लंबूचा गुडघा दीड हंगाम टिकला. रविवारच्या दुपारी काका आणि बायको टीव्हीवर सामना बघत होते. कोणी धक्का दिला नाही, काही नाही. उडी मारून खाली आला आणि तसाच बसला. गुडघा दोन्ही हातांनी धरून, अगदी शांत. बायकोने टीव्ही बंद केला. सोमवारी क्लबमध्ये मॅनेजर जिन्यात भेटला. "काका, आपण वाचलो," तो म्हणाला. काकांना त्याला काहीतरी लागेलसं बोलायचं होतं, पण तेवढा जोर अंगात नव्हता. ते म्हणाले, "वाचलो खरं," आणि खाली गेले.

खाली बुटक्या त्यांच्या खोलीच्या दारात उभा होता.

"तुम्ही जाणार आहात का त्याला बघायला?"

"शनिवारी जाईन म्हणतो."

"मी येतो."

शनिवारी सकाळच्या बसने दोघं गेले. चार तासांच्या प्रवासात बुटक्या तीन तास झोपला, त्याचं डोकं काकांच्या खांद्यावर घसरत राहिलं. इस्पितळाच्या खोलीत लंबूसाठी दोन पलंग जोडले होते. आत गेल्यावर बुटक्या खिडकीजवळ जाऊन उभा राहिला.  मग लंबू म्हणाला, "सांगायला हवं होतं तुला."

"हो," बुटक्या म्हणाला. "हवं होतं."

"फोन उचलला होता दोनदा."

"मग खाली का ठेवलास?"

 बुटक्याने खुर्ची ओढली आणि पलंगाजवळ बसला. काकांनी पांघरूण बाजूला केलं, पट्टीच्या वरची मांडी हळूहळू चोळायला घेतली. स्नायू एवढ्यातच सुकत चालला होता. तिथल्या नर्सला त्यांनी विचारलं, दिवसातून किती वेळा पाय हलवून घेता. ती म्हणाली दोनदा. काका म्हणाले, चार वेळा घ्या, आणि कसं ते तिला करून दाखवलं.

लंबू त्यानंतर खेळला नाही. त्याच्या कराराची उरलेली वर्षं त्याला मिळाली, तो म्हणाला होता तशीच. बुटक्या खालच्या गटात आणखी एक हंगाम खेळला आणि मग एका शाळेत खेळाचा मास्तर झाला. काकांनी त्याच वर्षी काम सोडलं, कारण आता अंगठे सकाळी वळत नव्हते. शेवटच्या दिवशी त्यांनी बेसिन घासलं, टॉवेल मोजून धुलाईला दिले, दिवा बंद केला. घरी आले तर बायको अजून कामावरून यायची होती. त्यांनी हात धुतले आणि तिची वाट बघत बसले.