नारूचा घसा

इरम्मानं उपाशी राहा म्हटलं की माणूस मुकाट्यानं उपाशी राहायचा, मग तो गावचा पाटील का असेना! भूमच्या आसपास बारवेचं पाणी पिऊन दर उन्हाळ्यात लोकांना नारू निघायचे. पायातून डोकावणारा तो दोऱ्यासारखा पांढरा जंत काडीवर रोज बोटभर गुंडाळत काढावा तो इरम्मानंच. रीत तिच्या आईकडून आलेली. रोग्याचं खाणं बंद करायचं, जखमेपाशी दुधाची वाटी ठेवायची. आत खायला मिळेना झालं की नारू भुकेनं तोंड बाहेर काढतो, असं ती छातीठोक सांगायची. निजामाचा अंमल होता, दवाखाना लांब. तिला खोटं पाडणार कोण?

पंचेचाळीस साली तिच्या एकुलत्या एक लेकीच्या, नीलम्माच्याच गुडघ्यात नारू निघाला. लग्नाला सहा महिने झालेली पोर! इरम्मानं तिलाही नुसत्या पाण्यावर ठेवलं. नारू बोटभर आला अन् अडला. पाचव्या दिवशी पोरीचा ताप बघून आईचा धीर सुटला. तिनं काडी ओढली, नारू तटकन तुटला. सकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला.

तोंड आत राहिलं असेल तर तो पोरीचं मांस खात बसेल, या धसक्यानं तिनं तुटका तुकडा ओल्या फडक्यात घेतला आणि उन्हातान्हात भूमचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तो काचेवर ठेवून खुर्दबिनीच्या भिंगाखाली धरला.

“तोंड इथंच आहे, बाई. बघा.”

इरम्मानं डोळा लावला. टाचणी टोचल्याएवढं तोंड, मागं घशाची बारीक नळी.

“नळीभोवती मज्जातंतूंचं कडं असतं, तोच त्याचा मेंदू म्हणा.”

“आन् पोट?”

“आतडं पार चपटं होऊन जातं. एवढा वाढलेला नारू काही खात नाही. तो बाहेर येतो पाण्यात पिल्लं सोडायला.”

“खातच न्हाय?” इरम्मानं तीनदा विचारलं. मग रडत रडत उपासाचं सांगून टाकलं.

डॉक्टर भडकले. “सहा दिवस? अहो, आत राहिलेला तुकडा काढायला गुडघा चिरावा लागणार! आधी खाऊ घाला, मग गाडीत घालून आणा. अशा अंगानं ती चिरताना जाईल.”

इरम्मा धावतच घरी आली. दुधात भाकरी कुस्करून पोरीच्या ओठाला लावली. नीलम्मानं मान फिरवली.

“नगं अव्वा. म्या खाल्लं तर त्यो बाहेर यायचा न्हाय.”

“त्याला खाताच येत न्हाय गं! शिवाची आण, जल्मभर माझंच चुकलं. खा, माझे बाय!”

“तुला माझी भूक बघवंना, म्हून खोटं बोलतीस.”

इरम्मानं तिला शिव्या दिल्या, तिच्या पाया पडली, बोटांनी तिची दातखीळ उचकटायला गेली. पण पोरगी पहिल्यापासून आईच्या शब्दाबाहेर नव्हती. तिनं तोंड उघडलं नाही.