व्हिडिओ कॉलवरचा अभ्यास

शनिवारी लातूरला गेले होते आणि तेव्हापासून मी एका जागी धड बसलेली नाही. फोडणी टाकते आणि विसरते, पुस्तक उघडते आणि मिटते... म्हटलं इथे लिहून टाकावं, त्याशिवाय जिवाला चैन पडायची नाही. (नाव-गाव बदललंय आणि त्या कुटुंबाला विचारूनच लिहितेय.)

मी नांदेडला समुपदेशक आहे. अधूनमधून शाळा-क्लासच्या शिक्षकांची प्रशिक्षणंही घेते. मुलांच्या मोबाईलपायी हैराण झालेल्या आईबापांशी बोलायचं कसं, उपदेशाचे डोस न पाजता त्यांना उपयोगाचं काय सांगायचं... एवढाच विषय.

लातूरला हे जास्तच अवघड. मेडिकलच्या क्लाससाठी गावोगावची मुलं येतात, कितीतरी आया खोली घेऊन सोबत राहतात आणि वडील गावाकडे. त्यात नोट्स मोबाईलवर, टेस्ट मोबाईलवर. काढून घ्या म्हणायची सोयच नाही.

तर शनिवारच्या प्रशिक्षणात दुपारी जेवणं झाली आणि एका क्लासचे शेख सर थेट एका कुटुंबालाच घेऊन आले. "आमचं काही चालंना मॅडम, तुम्हीच बोला." असं काही न सांगता-सवरता अंगावर आलं की माझं डोकं फिरतं. पण तिघं दारात उभी होती. बाकीच्या शिक्षकांना चहाला पिटाळलं आणि सरांना तेवढं थांबवून घेतलं.

वाघमारे, त्यांची बायको आणि मुलगी प्रज्ञा. वाघमारेंचं बिलोलीला खत-बियाणांचं दुकान, मायलेकी लातूरला. दहावीला शाळेत पहिली आलेली ही पोरगी आता टेस्टमध्ये तळाला गेली होती, आणि मला डॉक्टर व्हायचं नाही, घरी न्या, एवढंच म्हणत होती. वाघमारे तिची बॅग भरूनच आले होते... संध्याकाळच्या गाडीने तिला परत न्यायला.

"मोबाईलनं वाटोळं केलं बघा. मी तर काही कमी ठेवलं न्हाई. सरांनीच मीटिंगमध्ये सांगितलं, अभ्यासाच्या टायमाला मोबाईल आपल्या डोळ्यांसमोर पाहिजे. मी रोज बघायलोय की!"

सरांनी मान डोलावली. मला कळेना. बिलोलीत बसून कसं बघता, मी विचारलं.

तर उत्तर असं... संध्याकाळी प्रज्ञा अभ्यासाला बसली की वाघमारे व्हिडिओ कॉल लावायचे. इकडे फोन चिवड्याच्या डब्याला टेकवून उभा, तिकडे दुकानात गल्ल्यावर. ती लिहितेय, ते बघतायत. जेवणापर्यंत. नेट गेलं की पुन्हा कॉल.

"गिऱ्हाईकं बी डोकावतेत," प्रज्ञाच्या आई हसत म्हणाल्या. "परवा एक जण म्हणले, डॉक्टरीणबाई आज पेंगायल्या वाटतं!"

सर हसले. मीही हसणारच होते... पण प्रज्ञाकडे लक्ष गेलं. ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत ती खाली बघत होती.

"पेन खाली ठेवला तरी विचारतेत, काय झालं म्हणून," ती हळूच म्हणाली. मग एकदम वडिलांकडे वळली. "पप्पा, रोज एवढा वेळ फोन चालू ऱ्हातो... पण आपण एक शब्द तरी बोलतो का?"

आता हे भडकणार, असं मला वाटलं.

पण वाघमारे माझ्याकडेच बघत म्हणाले, "अभ्यासासाठी लावत न्हाई ओ मॅडम मी. म्हणजे आधी त्याच्यासाठीच लावला... पण दोघी इकडं आल्यापासून घर खायला उठतं. फोन चालू असला की घरातला आवाज येतो. कुकरची शिट्टी येती. हिची बडबड येती."

प्रज्ञाच्या आईच म्हणाल्या, "अहो, मग तसं सांगायचं न्हाई का..." आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

पुढचं प्रज्ञानेच ठरवलं. अभ्यासाच्या वेळी कॉल नाही, तसं असेल तर मी राहते, म्हणाली. कॉल जेवताना, तिघांनी जेवत जेवत बोलायचं. वाघमारे लगेच हो म्हणाले. जरा जास्तच लगेच... ते मला तेव्हाच खटकलं.

बॅग तिथेच ठेवून ते एकटेच गाडीला निघाले. दारात थबकले. "मॅडम... पण मग संध्याकाळी मी काय करू?"

मुलांसाठी माझ्याकडे ढीगभर उत्तरं आहेत. मैदान, छंद, मित्र, काय वाट्टेल ते. या माणसासाठी एकही नव्हतं. "कुणाकडे तरी बसायला जात जा," असं काहीतरी मी पुटपुटले. ते "हाव" म्हणाले आणि गेले.

तेव्हापासून दिवेलागणीला माझं मन उगाच बिलोलीला जातं. दुकानात गिऱ्हाईक नाही, फोन समोर आहे आणि तो उचलायचा नाही... कसं काढत असतील?

काल प्रज्ञाच्या आईंचा फोन आला. प्रज्ञा अभ्यासाला बसली होती, मध्येच दोनदा तिनेच फोनकडे बघितलं म्हणे. जेवायला बसल्यावर कॉल तिनेच लावला, आणि पहिलंच वाक्य... "पप्पा, आधी तुमचं ताट दाखवा."

ताट कुठलं, नुसता चहा आणि पाव होता. पोरीने बापाला असं काही झापलंय की आई सांगता सांगता हसत होत्या आणि रडतही होत्या. वाघमारे म्हणे मुकाट्याने उठले, पिठलं टाकलं... आणि तोवर तिघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.

प्रज्ञा, तू त्या दिवशी बोललीस, त्याबद्दल मनापासून थँक्यू. आम्ही एवढे शिकलेसवरलेले तुझ्या मोबाईलचं काय करायचं ते ठरवत बसलो होतो... तुझे पप्पा जेवले का, हे आमच्यातल्या एकानेही विचारलं नव्हतं.