नवव्या खोलीचं दार

माझा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात काम करतो. भिंगं घासायची, फ्रेमीत बसवायची, गिऱ्हाईकाच्या कानामागची दांडी जराशी वाकवून द्यायची, हे झालं पोटापाण्याचं. जीव मात्र त्याचा दुसरीकडेच. टेबलाभोवती बसून खेळायचे गोष्टीचे खेळ असतात ना, त्यांची तो इंटरनेटवर परीक्षणं लिहायचा. ठाऊक नसेल तर सांगते. एक जण सूत्रधार होतो आणि पुस्तकातली मोहीम उलगडत जातो: इथे पूल तुटलाय, पलीकडे कुणीतरी घोरतंय, बोला, काय करता? बाकीचे कुणी योद्धा, कुणी चोर होऊन काय करणार ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. चांगली घोड्याएवढी माणसं हे करतात. मीही करते. मी नेहमी चोर असते. दिवसभर लोकांची मापं इमानदारीने घेतल्यावर तेवढी मोकळीक नको का?

माझं शिवणाचं दुकान आहे आणि कापड बेतायचं माझं लांबरुंद टेबल हेच आमचं खेळायचं टेबल. भोवती आम्ही चौघं. सूत्रधार धाकटा, त्याची बायको म्हणजे माझी भावजय, तिचे मामा आणि मी. भावजय दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटांच्या वेळा सांभाळते. 'मी वेळेवर आलो होतो हो' म्हणणारे रोज ऐकत असल्यामुळे तिला थाप लगेच कळते. मामा आयुष्यभर बस चालवून घरी बसलेले. ते योद्धा होतात, आणि अगदी वळणावर आल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

धाकट्याने लिहिण्यासाठी 'चष्मेवाला' असं नाव घेतलं होतं, आणि त्या नावाला वजन होतं. पुस्तक टेबलावर उघडं राहतं की सारखं मिटतं, नकाशावरची अक्षरं दिव्याखाली दिसतात का, खेळणारे भलत्याच वाटेने गेले तर सूत्रधाराने काय करायचं ते सांगितलंय का, असलं सगळं तो बघायचा. एका खेळाच्या जाडजूड पुरवणी-पुस्तकाबद्दल त्याने लिहिलं होतं, "एक पान खेळायला वापरलं, बाकीच्या पानांमुळे खिडकी आपटायची थांबली." लोक खो खो हसले. पण विश्वास ठेवायचे ते शेवटच्या ओळीमुळे. प्रत्येक परीक्षणाखाली तो दोनच शब्द लिहायचा: खेळून पाहिलं. नुसतं वाचून कधी काही लिहिलं नाही पठ्ठ्याने. आम्हाला बसवायचा, खेळवायचा, मगच लेखणी उचलायचा. मला त्याचा अभिमान होता. सांगायला काय जातंय, गिऱ्हाइकांना सुद्धा सांगायची मी.

मग शाळा उघडायच्या तोंडावर माझ्याकडे गणवेशांची मोठी ऑर्डर आली. टेबल निळ्या कापडाखाली गाडलं गेलं. मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. भावजयीला दवाखान्यात जास्तीची पाळी लागली. खेळ बंद. पण दर आठवड्याला चष्मेवाल्याचं परीक्षण यायचं, आणि ते चुकलं तर आभाळ कोसळेल अशी त्याची समजूत होती. अरे, कुणी काठी घेऊन मागे लागलंय का तुझ्या? नाही. पण नाव झालं ना एकदा, की माणूस स्वतःच स्वतःच्या मागे लागतो.

त्या सुमाराला त्याच्याकडे एक पातळ पुस्तिका आली होती. कुणा बाईंनी लिहून घरीच छापलेली, मधोमध दोन पिना मारलेली. नाव 'मिठाची खाण'. ती त्याने दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाचली आणि लिहून टाकलं. काय लिहिलं ते मला आजही पाठ आहे. "सुरुवातीला चिठ्ठ्यांचा पोरखेळ आहे, तो सोडून द्या. नवव्या खोलीत शिरताच मागचं दार बंद होतं. पुढे दार नाही, खिडकी नाही, उंदराला बीळ नाही. पानावर खाली नुसती रिकामी चौकट छापलीय. बाई दार काढायला विसरल्या. ही मोहीम लिहिणाऱ्याने ती एकदाही टेबलावर खेळलेली नाही, हे शेंबडं पोरही सांगेल." आणि त्याखाली, नेहमीप्रमाणे: खेळून पाहिलं.

मी विचारलं त्याला, "कुणाबरोबर खेळलास रे? आम्ही तर नव्हतो."

"आहे एक दुसरा ग्रुप," म्हणाला, आणि फ्रेम पुसत राहिला.

मी सोडून दिलं. परीक्षण मात्र असं गाजलं म्हणता! या खेळांच्या लोकांत 'नववी खोली' ही थट्टाच होऊन बसली. कुणी घोळ घातला की म्हणायचं, गेला नवव्या खोलीत. धाकटा फुलून गेला होता.

ऑर्डर गेली, टेबल मोकळं झालं, मामांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. आम्ही पुन्हा बसलो. धाकट्याने पिशवीतून काहीतरी नवीन काढलं, तर मामा म्हणाले, "ते राहू दे. मला ती नववी खोली बघायचीय. सगळे हसताहेत, मलाही हसू दे."

"ती नको हो मामा, रद्दी आहे ती."

"मग रद्दीच खेळू," भावजय म्हणाली. "नाहीतरी तू एकदा खेळवलीच आहेस. सोपं जाईल तुला."

झालं. आता नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? पुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाला सोबतची एक चिठ्ठी द्या. खाणीत उतरताना कमरेला दोर बांधायचा असतो. त्या दोराचं दुसरं टोक वर कोण धरून बसलंय, ते ज्याने त्याने लिहायचं. धाकटा म्हणाला, हे सोडलं तरी चालेल. मामांनी तोवर माझ्या खडूच्या डब्यातली पेन्सिल घेतली होती. मी थट्टेने लिहिलं, 'शिलाई मशीन'. भावजयीने काय लिहिलं ते हाताने झाकलं. मामा बराच वेळ लिहीत होते.

खेळ चालू झाला आणि माझ्या लक्षात यायला लागलं. हा प्रत्येक खोलीला पान मागे-पुढे करत होता. एकदा खेळवलेली मोहीम असं कुणी चाचपडत खेळवत नाही. भावजय त्याच्याकडे बघत होती, पुस्तिकेकडे नाही. तरी नववी खोली आली तसा गड्याला जोर आला. मोठ्याने वाचलं, मागचं दार बंद, पुढे काही नाही, आणि पुस्तिका आमच्याकडे फिरवून म्हणाला, "बघा! सांगितलं नव्हतं? बसा आता बोंबलत."

मामा म्हणाले, "दोर आहे की."

"कुठला दोर?"

"कमरेला बांधलाय ना. ओढायचा." आणि त्यांनी आपली चिठ्ठी रिकाम्या चौकटीवर ठेवली. चिठ्ठी तिथे बरोबर मावत होती. "वरून ही ओढेल. इतका वेळ कुठे होतात म्हणून बडबडेल, पण ओढेल."

चिठ्ठीवर मामींचं नाव होतं. मामी गेल्यापासून ते नाव त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलं नव्हतं.  माझं 'शिलाई मशीन' मी मुठीत चुरगाळलं, इतकी लाज वाटली मला.

दार विसरलेलं नव्हतं. दार चिठ्ठीत होतं. नुसतं वाचणारा चिठ्ठी लिहीत नाही, म्हणून त्याला ते दिसत नाही; जो कुणी एकदा खेळला असेल त्याला ते न दिसणं शक्यच नाही. हे आम्हा तिघांनाही एकाच वेळी कळलं. धाकट्याचे कान लालबुंद झाले होते.

भावजयीने शांतपणे विचारलं, "तू ही कुणाबरोबर खेळलास?"

हा पुस्तिकेची पानं चाळायला लागला.

"मी विचारते आहे."

"कुणाबरोबरच नाही."

तिने आपली चिठ्ठी उचलली, पर्समध्ये घातली आणि चप्पल घालून निघून गेली. मामाही उठले. आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं. तो मग मी केला. म्हटलं, "अरे, लबाडी कर म्हणून कुणी सांगितलं होतं तुला? आणि वर त्या बाईला म्हणतोस ती खेळली नाही! तू खेळला नाहीस म्हणून ती खेळली नाही?"

"काढून टाकतो परीक्षण," म्हणाला. "आजच काढतो. कुणाला कळणार पण नाही."

"गुपचूप? म्हणजे हसणारे हसतच राहणार, आणि तू आपला नामानिराळा! वा रे वा!"

दुसऱ्या दिवशी लिहून आणलं. 'काही तांत्रिक कारणांमुळे मोहिमेचा एक पैलू नजरेतून सुटला असण्याची शक्यता आहे.' मी तो कागद कात्रीने उभा कापला. मग माझ्यासमोर, माझ्याच टेबलावर बसून त्याने सरळ लिहिलं: मी ही मोहीम खेळलो नव्हतो. खेळून पाहिलं हे खोटं लिहिलं. दार आहे.  ते त्याने इंटरनेटवर टाकलं आणि लोकांनी त्याला धू धू धुतला. आधीची सगळी परीक्षणंही खोटी असणार म्हणाले. ती खोटी नव्हती, पण आता कुणाला आणि कसं सांगणार? भावजय घरात जेवढ्यास तेवढं बोलायची. मी तर दुकानात गिऱ्हाइकाने भावाची चौकशी केली की टेपमध्ये डोकं घालायची.

त्या लिहिणाऱ्या बाईंकडून मात्र काहीच उत्तर आलं नाही. पुस्तिकेच्या मागे पत्ता होता, तो आम्ही तेव्हा नीट वाचला. प्रती मिळतील: मोठा दवाखाना, चौकशीची खिडकी.

"चल," मी म्हटलं.

"ताई, नको गं. काय तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखव."

ऑपरेशनच्या मजल्यावर लांब बोळ होता, भिंतीला लागून बाकं, आणि बाकांवर माणसं. आत ज्यांचं कुणी आहे अशी. कुणी दाराकडे बघतंय, कुणी चपलेकडे. टोकाला चौकशीची खिडकी, तिच्यामागे माझ्याच वयाची एक बाई. धाकट्याने पुस्तिका दाखवली, ती त्यांचीच निघाली; मग त्याने आपलं 'चष्मेवाला' हे नाव सांगितलं. बाई चिडल्या नाहीत, त्यामुळे तो आणखीच खचला.

"तुमचं एक बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "टेबलावर मी ती खरंच कधी खेळले नाही. इथे टेबल नसतं. बाकावर खेळायचो."

"इथे?"

"ही माणसं तासन् तास बसतात. आतलं माणूस खाली गेलेलं असतं आणि दोर यांच्या हातात असतो. त्यांना काहीतरी हवं ना करायला. म्हणून लिहिली." त्यांनी खिडकीवरची धूळ बोटाने पुसली. "तुमचं परीक्षण आलं आणि इथल्या लोकांनी पण वाचलं. मी दिसले की नववी खोली, नववी खोली. मग बंद केलं मी. म्हटलं, असेल आपलंच काहीतरी चुकलेलं. तुम्ही खेळून पाहिलं होतंत ना."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि दिवसभर लोकांचे चष्मे पुसणाऱ्या माणसाला स्वतःचा पुसायला रुमाल सापडेना. माझा दिला.

"पुन्हा खेळवा ना," तो म्हणाला. "आत्ता."

"कशाला? परीक्षण लिहायला?"

"नाही हो. परीक्षणं बंद केली मी. खेळायला."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग बाकांकडे बघितलं. एक म्हातारे गृहस्थ हातातली टोपी नुसती फिरवत बसले होते. त्यांच्या मुलीला सकाळीच आत नेलं होतं. बाईंनी शेजारणीला खिडकी सांभाळायला सांगितली, खणातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि बाहेर आल्या. आम्ही बाकावर सरकून जागा केली. म्हाताऱ्यांनी चिठ्ठी घेतली आणि लगेच लिहिली. मीही लिहिली, आणि या वेळी थट्टा केली नाही.

धाकटा पेन धरून बसला होता. चिठ्ठी कोरी.

"कोरी ठेवलीत तर नवव्या खोलीला खरंच दार नाही," बाई हळूच म्हणाल्या.

तो माझ्याकडे वळला. लहानपणी काही फोडलं की यायचा, तोच चेहरा. बायकोचं नाव घेऊन अगदी कुजबुजत म्हणाला, "ताई, तिचं लिहू? ती ओढेल का गं?"

खरं सांगायचं तर मला खात्री नव्हती.

"बडबडेल," मी म्हटलं. "लिही तू."