चोआ चू कांगची गौर

क्वीन्सटाउनच्या आमच्या ब्लॉकखाली लॉरी उभी होती, सामान चढत होतं, आणि मी लिफ्टजवळ माझ्या टेबलाला टेकून उभी होते. टेबल लॉरीत जाणार नव्हतं. "नव्या घरात मोठं टेबल घेऊ ना, हे कशाला न्यायचं?" असं माझा नवरा निखिल म्हणाला होता, आणि खालच्या मजल्यावरच्या अंकलनी ते मागितलंही होतं. एक पाय हलणारं, चहाच्या कपांचे गोल डाग पडलेलं माझं टेबल अंकल आणि त्यांचा जावई उचलून घेऊन गेले. रेवा, आमची लेक, शाळेतल्या मैत्रिणींसाठी रडत होती. माझे डोळे टेबलासाठी भरून आले होते, पण सगळ्यांना वाटलं मी रेवासाठीच रडतेय. वाटू दे म्हटलं.

सांगलीला वैशूताईला फोन केला तर ती फिदीफिदी हसायला लागली. "अगं, एका गावातल्या गावात घर बदललंस आणि गळा काय काढतेस? सांगलीहून मिरजेला जावं तसं हे!" तुम्ही सगळे मागे राहिलात, तुम्हाला सिंगापूर म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. त्या ठिपक्यातही दोन टोकं आहेत, हे तुम्हाला कसं समजवायचं? आणि जे माझ्यासारखे इकडे आलेत, त्यांना समजवायची गरजच नाही. क्वीन्सटाउनवाल्याला चोआ चू कांगला जा म्हणून बघा. माझी लॅबमधली मैत्रीण स्यू लिंग तर ऐकून चॉपस्टिक खाली ठेवून म्हणाली, "सो फार, लाह! नेक्स्ट टू मलेशिया ऑलरेडी!"

पण खरं दुखणं अंतराचं नव्हतं. आम्ही शत्रूच्या गावात चाललो होतो.

दोन विद्यापीठं आहेत इथे, एक आमचं आणि एक त्यांचं, पार पश्चिमेला. आमच्या लॅबमध्ये सांडपाणी गाळून पिण्याजोगं करणारे पडदे, म्हणजे मेम्ब्रेन, बनतात, त्यांच्या लॅबमध्येही तेच. आम्ही काही छापलं की पंधरवड्यात त्यांचं काहीतरी छापून येणार. आमचे सर त्यांचं नावसुद्धा घेत नसत, "जंगलातली मंडळी" म्हणत. दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, भात खाताना आम्ही सगळे मिळून त्या मंडळींची यथेच्छ टिंगल करायचो. मी त्यात सगळ्यात पुढे असायचे. सांगलीची मुलगी मी, कोल्हापूरकरांची टिंगल करत वाढले, मग कोल्हापूरच्याच निखिलशी लग्न केलं. टिंगल करायची आणि तिथेच नांदायला जायचं, हे माझ्या पत्रिकेतच असावं.

सिंगापूरला आधी आले ते मी. निखिल माझ्या मागून डिपेंडंट पासवर आला. तोही पाण्यातलाच माणूस, पुण्यात आम्ही एकाच गाइडकडे पीएचडी केलेली. इथे त्याला लवकर काही मिळेना. तो रेवाला शाळेत सोडायचा, भाजी आणायचा, माझ्या पेपरांची प्रुफं तपासायचा. मी संध्याकाळी आले की स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी, त्या टेबलावर, पुन्हा कामाला बसायचे. घरात एकच नियम होता, आईच्या टेबलाला हात लावायचा नाही.

मग त्या पश्चिमेच्या विद्यापीठाची जाहिरात आली. असिस्टंट प्रोफेसरची जागा, नेमकी पडद्यांवरच. रिसर्च फेलो म्हणून वर्षावर्षाच्या करारावर जगून मी विटले होते. शत्रू तर शत्रू, जागा पक्की होती. मी अर्ज केला. आणि हात दाखवून अवलक्षण कसं करतात ते बघा, मीच निखिलला म्हटलं, "तूही टाक अर्ज. तेवढीच मुलाखतीची सवय होईल."

सवय झाली त्याला. आणि जागाही त्यालाच मिळाली.

माझ्या मुलाखतीत समोरच्या बाई गोड हसून म्हणाल्या होत्या, "तुम्ही इतकी वर्षं तिकडे होतात, इकडे मन रमेल का?" निखिल कुठेच नव्हता, त्यामुळे त्याचं मन कुठेही रमलं असतं. ह्याच कारणाने गेली की दुसऱ्या कशाने, कोण सांगतंय? निकालाची मेल वाचून निखिल आधी उडीच मारणार होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि हळूच खुर्चीत बसला. त्याने उडी मारली असती तर परवडलं असतं. ते हळूच बसणं मला जास्त लागलं.

आईला फोनवर सांगितलं. तिला वाटलं, समजूत घालावी. "असू दे गं. एका ताटातलं दुसऱ्या ताटात पडलं. घरातच राहिलं की!"

आई, तुला कधी सांगितलं नाही, पण ह्या वाक्याने माझ्या अंगाचा जो तीळपापड झाला तो अजून शमलेला नाही. घरातच राहिलं खरं. पण भूक मला लागली होती ना! मला जळायला झालं. दुसऱ्या कुणाला मिळाली असती ती जागा तर चार दिवस शिव्या दिल्या असत्या आणि विसरले असते. इथे ती जागा रोज सकाळी माझ्यासमोर बसून पोहे खात होती, आणि वर विचारत होती, "लिंबू आहे का गं?"

तर असे आम्ही चोआ चू कांगला आलो. निखिलला विद्यापीठात जायला एक बस. मला एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, जुरोंग ईस्टला बदल, मग आणखी एक एमआरटी, मग बस. लॅबमध्येही गंमत सुरू झाली. सरांनी "दोघांचं अभिनंदन" म्हणून केक आणला, आणि पुढच्याच आठवड्यापासून नव्या प्रयोगांच्या मीटिंगला मला बोलावणं येईना. मी पॅन्ट्रीत शिरले की गप्पा हवापाण्यावर यायच्या. आता मी जंगलातल्या मंडळींच्या घरची झाले होते.

आणि जंगलात? तिथे नव्या प्राध्यापकांच्या स्वागताचा चहा होता. दारातच एका मुलीने माझ्या कुर्त्यावर गोल स्टिकर चिकटवला. त्यावर माझं नाव नव्हतं, फक्त "स्पाउस" लिहिलं होतं. निखिलचे डीन फार भले गृहस्थ. म्हणाले, "तुम्हीही ह्याच विषयातल्या ना? मग निखिलच्या ग्रुपमध्येच या की! छान सोय होईल." निखिलचा चेहरा उजळला. मी हसून सामोसा तोंडात कोंबला, नाहीतर काय बोलले असते देव जाणे. घरी येताना बसमध्ये तो म्हणाला, "विचार तर कर." मी विचार केला. ज्याची प्रुफं आजवर माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर तपासली जात होती, त्याच्या हाताखाली मी. छे! मी नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बरं." मला त्याच्या शांतपणाचासुद्धा हेवा वाटायचा. जिंकलेल्या माणसाला शांत राहायला काय जातंय?

नव्या घरात एक खोली जास्तीची होती. नवं मोठं टेबल तिथे आलं. त्याच्यावर निखिलचे दोन मॉनिटर आले, कपाटात निखिलच्या फायली आल्या, दारामागे निखिलचं जॅकेट आलं. कुणी ठरवलं नाही, भांडण झालं नाही, ती खोली आपोआप त्याची झाली. मी लॅपटॉप घेऊन कधी पलंगावर, कधी डायनिंग टेबलावर. रेवाला जेवायला वाढायचं झालं की मी उठायचे.

आणि गौरी आल्या.

आमच्या सासरी खड्यांच्या गौरी. नदीवरून खडे आणायचे, आणि ते आणणाऱ्या सुनेने तोंडात पाण्याची चूळ धरायची. घरभर फिरून गौर जागेवर बसेपर्यंत ती चूळ थुंकायची नाही, गिळायची नाही, बोलायचं तर नाहीच. मिठाची गुळणी धरतात ती म्हणण्यापुरती, ही पाण्याची अगदी खरी. सासूबाईंनी पंचगंगेचे पाच खडे मला चांदीच्या वाटीत घालून दिले होते, तेच मी दर वर्षी खालच्या नळावर धुऊन वर आणते. गौरीला घर दाखवायचं काम दुसऱ्याचं. "हे स्वयंपाकघर, इथे अन्नधान्य उदंड आहे," असं एकेक खोली सांगत न्यायचं. सासूबाई कोल्हापुरात, म्हणून इथे ते निखिल करतो. क्वीन्सटाउनला तो दर वर्षी खिडकीपाशी थांबून म्हणायचा, "आणि हे आमच्या मृदुलाचं टेबल. गौराबाई, ह्याला तुम्हीसुद्धा हात लावायचा नाही हं!" माझे गाल पाण्याने फुगलेले आणि हसू आवरत नसायचं.

ह्या वर्षी मी नऊवारी नेसून, वाटीवर खण झाकून, गाल फुगवून चोआ चू कांगच्या लिफ्टमध्ये शिरले. शेजारच्या आंटी आत होत्या. आमची पहिलीच भेट. "न्यू हिअर, आह?" मी मान डोलावली. "फ्रॉम इंडिया?" मी मान डोलावली. त्या माझ्या गालांकडे बघत राहिल्या. "टूथ पेन, इझ इट? यू ओके ऑर नॉट?" मी पुन्हा मान डोलावली. त्यांनी काळजीने माझ्या खांद्यावर थोपटलं. त्या क्षणी खरं तर मला रडूच येणार होतं, कारण ओके मी नव्हते.

दारात रेवाने माझ्या पायांवर दूध-पाणी घातलं, हळदी-कुंकवाच्या पावलांवरून मी आत आले. रेवा ताट वाजवत मागे, निखिल पुढे. फोन शोकेसला टेकवून ठेवलेला, त्यात कोल्हापूरहून सासूबाई बघत होत्या. "हे स्वयंपाकघर, इथे अन्न उदंड आहे. ही बाल्कनी, इथून वारा येतो. ही रेवाची खोली, इथे पसारा उदंड आहे." रेवा ओरडली, "बाबा, नॉट फनी, लाह!" मग त्याने ते दार उघडलं आणि त्याच ओघात, अगदी सहज, म्हणाला, "आणि ही माझी अभ्यासाची खोली. इथे विद्या आहे."

मी चूळ गिळली. घटकन आवाज झाला तो मला स्वतःला ऐकू आला.

"आणि माझी कुठली?"

ताट वाजायचं थांबलं. रेवाचे डोळे एवढे मोठे झाले. "आई! यू कॅनॉट टॉक!"

"बोलले आता. निखिल, माझी कुठली? गौरीला सांग. सगळं घर दाखवलंस, तिला विचारायचंय की मृदुला ह्या घरात बसते कुठे."

"अगं, असं काय... हीच की. आपलीच आहे सगळी."

"आपली म्हणजे तुझी. जागा तुझी, गाव तुझं, खोली तुझी, आणि मी स्पाउस! जळते मी तुझ्यावर. रोज जळते. पोहे देताना जळते. कळलं?"

इतके महिने जे गिळत होते ते, गौरीची चूळ गिळल्यावर, उलट सगळं बाहेर आलं. निखिल दाराची कडी धरून उभा होता. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, बोललो तर आणखी चिडशील."

"मग आता बघ," म्हटलं. आत गेले, त्याचा कीबोर्ड ढकलला, कागदांचा गठ्ठा खुर्चीवर टाकला आणि वाटी टेबलाच्या मधोमध ठेवली. हॉलमध्ये पाट मांडला होता, रांगोळी होती, मखर होतं. सगळं रिकामं राहिलं. कुलाचार मोडला, आणि तोही सासूबाईंच्या डोळ्यांदेखत.

निखिलने फोन उचलून आणला. त्याला वाटलं असणार, आता आईच काय ते सांगेल. "आई, हिने गौर टेबलावर ठेवली गं. पाटावर नेऊ ना?"

सासूबाईंनी चष्मा नीट केला. मग म्हणाल्या, "चूळ गिळली ते वाईट झालं. पण निखिल, गौर एकदा टेकली की हलवायची नाही. जिथे टेकली ते तिचं घर. तू तुझे कागद उचल."

त्याने उचलले. मॉनिटरच्या वायरी सोडवताना मला म्हणाला, "हा एक राहू दे का इथे?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी घावन-घाटल्याचा नैवेद्य त्या टेबलावरच झाला. शेजारच्या आंटीही आल्या, दातांचं विचारून गेल्या. तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य झाला, अक्षता पडल्या आणि गौरी निघाल्या. खडे धुऊन पुन्हा चांदीच्या वाटीत गेले. मी मात्र त्या खोलीतून उठले नाही. निखिलने आपला लॅपटॉप डायनिंग टेबलावर मांडला.

वैशूताई, आई, तुम्ही विचारता, मन रमलं का तिकडे, आता घरासारखं वाटतं का? अजून लॅबमध्ये मी परकी आणि ह्या गावात स्पाउसच आहे. करार संपेल तेव्हा काय, ते माहीत नाही. जळणंही गेलेलं नाही, निखिलच्या नावाची पाटी बघितली की अजून पोटात दुखतं. पण हे मी माझ्या टेबलावर बसून लिहितेय. दार उघडं आहे. बाहेर डायनिंग टेबलावर निखिल लॅपटॉप घेऊन बसलाय, रेवाने जेवायचं ताट आणलं म्हणून उठून उभा राहिलाय, आणि उभ्या उभ्याच माझ्या खोलीकडे बघतोय. ती नजर मी चांगली ओळखते.

बघू दे. घरातच राहिलंय की.