कलंड्यावरचा काटा

दसरा होऊन आठवडा उलटला होता, पण हिर्डोशीच्या धुक्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. अंगणात उभी केलेली व्हॅन उंबऱ्यातून दिसत नव्हती. तिचा एक आरसा तेवढा हवेत टांगल्यासारखा दिसायचा. संजीवनीनं म्हशीची धार काढली, शेण उचललं, चुलीवर पाणी चढवलं आणि फडकं घेऊन व्हॅनची काच पुसायला लागली. पुसलेली काच तिची पाठ फिरेपर्यंत पुन्हा दवानं भरायची.

"भोक पाडतीस काय तिला?" ओट्यावरून लीलाबाई म्हणाल्या.

लीलाबाई तिची सासू. ठेवणीतलं लुगडं नेसून त्या पहाटेपासून ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर फडक्यात गुंडाळलेली हिरव्या खणाची कुंची, स्वतःच्या हातानं शिवलेली. शेजारी पाण्याची अर्धी बाटली. एवढा सरंजाम करूनही ही बाई गाडीत बसेल याची खात्री घरात कुणाला नव्हती. खुद्द लीलाबाईंनाही नव्हती.

लेकीचं, वनिताचं सासर वेल्ह्याच्या अंगाला, खिंडीजवळच्या वाडीत. तिला दुसरी मुलगी झाली होती आणि आज नाव ठेवायचं होतं. आजीनं कुंची घातल्याशिवाय नाव ठेवणार नाही, असं वनितानं फोनवर बजावलं होतं. आजवर लीलाबाई लेकीकडे डोंगरवाटेनं पायी जायच्या. पहाटे निघालं की दिवेलागणीला पोचायचं. यंदा गुडघ्यांनीच हात टेकले. राहिली गाडी. आणि गाडीचं नाव काढलं की त्यांच्या डोळ्यांपुढे कलंडा उभा राहायचा.

कलंडा म्हणजे खिंडीच्या अलीकडचा कच्च्या रस्त्याचा तुकडा. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला खाली भाताची खाचरं, आणि मधला रस्ता कुणी पाट तिरका मांडावा तसा खाचरांकडे कललेला. वनिताच्या लग्नात वऱ्हाडाचा टेम्पो तिथं आडवा झाला. घाई नाही, गडबड नाही. दमलेला बैल बसतो तसा टेम्पो खाचरात बसला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आतली सगळी माणसं खालच्या अंगाला घसरली, आणि वाट दाखवायला म्हणून टेम्पोत चढलेले नवे व्याही फेट्यासकट लीलाबाईंच्या मांडीवर येऊन बसले.

"मार लागला आसता तर परवडलं आसतं," लीलाबाई अजून म्हणायच्या. "आख्खं वऱ्हाड हसलं. व्याही तर उठायचंच इसरलं."

संजीवनीचं गाडीशी नातं वेगळं होतं. व्हॅन घेतली होती तिच्या नवऱ्यानं, अजितनं. जुनी, चारी चाकं ओढणारी. तिचा आधीचा मालक वेल्ह्याचा, तो तिच्यातून ट्रेकवाल्यांना गडाच्या पायथ्याला सोडायचा. पण वर्षभरात अजितला शिरवळला कंपनीत नोकरी लागली आणि गाडी अंगणात कोंबड्यांना अंडी घालायला मोकळी झाली. ते संजीवनीला बघवेना. तिनं आधी अंगणात शिकून घेतली, मग माळावर, मग भोरात जाऊन लायसन काढलं. आता बाजारच्या दिवशी वाड्यावाड्यांवरच्या बाया, भाजीच्या पाट्या, कोंबड्या, तापानं फणफणलेली पोरं, सगळं ती भोरात न्यायची आणि परत आणायची. पुढच्या सीटवर शेजारच्या सखूबाईचा हक्क. ती गावभर हात करत जायची आणि मधेच मागं वळून म्हणायची, "हिची सासू बसत न्हाई हिच्या गाडीत. आपुनच बसतोय बगा." सगळ्या हसायच्या. संजीवनीही हसायची. पण मनातलं ते कुसळ काही निघायचं नाही.

जुन्या मालकानं डॅशबोर्डवर एक उंची दाखवणारं घड्याळ ठेवलं होतं. समुद्रापासून आपण किती वर आलो ते त्याचा काटा सांगायचा. धुक्यात ते फार कामाचं. रस्ता दिसत नसला तरी कुठल्या आकड्याला कुठल्या वाडीचा फाटा येतो हे संजीवनीला पाठ झालं होतं. एकदा भोरातला शब्बीर मिस्त्री गाडीखालून बाहेर येत म्हणाला, "वहिनी, या घड्याळाला एक भाऊ असतो. गाडी किती कलली ते दावतो. गावला तर सांगू?"

संजीवनीच्या डोक्यात लगेच कलंडा आला आणि कलंड्यामागून सासू. "गावंलच," ती म्हणाली. "तुमी बगा तर."

शब्बीरनं पुण्याच्या जुन्या बाजारात दोन-चार खेटे घातले आणि भंगारात निघालेल्या कुठल्याशा जीपच्या पोटातून ती डबी काढून आणली. गोल काच, आत तेल, तेलात एक चिमुकली गाडी, मागून दिसते तशी. आपली गाडी डावीकडे कलली की ती डावीकडे, उजवीकडे कलली की उजवीकडे. कडेनं हिरवा, पिवळा, तांबडा पट्टा. वायर नाही, बॅटरी नाही. नाव ठेवायच्या आदल्या दिवशी ब्रेकच्या कामाला गाडी त्याच्याकडे होतीच, त्यानं तिथंच डबी बसवून दिली.

रात्री घरी लीलाबाईंनी वाकून वाकून पाहिलं. "ही गाडी व्हय? मला तर उताणं कासव वाटतंय." पण डबी त्यांना आवडली. बऱ्याच विचारानं त्या म्हणाल्या, "बसते. पर ही तांबड्यात ग्येली की म्या उतरनार, आन पुन्यांदा तुज्या गाडीला पाय लावनार न्हाई. कबूल?"

"कबूल, आत्या."

तर अशा त्या सकाळी लीलाबाई एकदाच्या गाडीत चढल्या. डावीकडे, सखूबाईच्या जागी. मांडीवर कुंची, कुंचीवर बाटली. धुक्यात पुढचं काही दिसेना. संजीवनी उंचीच्या काट्यावर नजर ठेवून हळूहळू उतरत होती. "आता फाटा यील," ती म्हणाली आणि खरंच धुक्यातून फाट्याची पाटी पुढं आली.

"उंची कशापायी मोजायची?" लीलाबाई म्हणाल्या. "वर आलो का खाली ग्येलो, आमचं गुडगं सांगत्यात."

धुकं विरलं, सपाट डांबरी आली, आणि संजीवनीचं लक्ष त्या डबीकडे गेलं. गाडी सरळ सुतात चालली होती आणि तेलातली चिमुकली गाडी मात्र डावीकडे कलंडलेली. काल येताना अंधार होता, आणि अंगणात तर चाक खड्ड्यात असेल असं वाटलं होतं.

"ही का कलांडलीया?" लीलाबाईंनी विचारलं.

"पाणी वाहून जायला रस्त्याला बाजूनं उतार आसतो, आत्या."

"व्हय?" लीलाबाई म्हणाल्या आणि मांडीवरची बाटली नीट धरली.

भोरात त्या मोठ्या नातीसाठी खाऊ घ्यायला उतरल्या तशी संजीवनीनं शब्बीरला फोन लावला. तो पुण्याला सामान आणायला निघाला होता.

"सपाट रस्त्याला कलती?" शब्बीर म्हणाला. मागून ट्रकांचा आवाज येत होता. "वहिनी, डावं चाक खोललं हुतं न्हवं ब्रेकला? गाडी जॅकवर हुती. डबी म्या तवाच बसवली. सरळ दिसली, स्क्रू आवळलं."

"म्हंजी?"

"म्हंजी गाडी उजवीकडं कलली आसंल तवा ती सरळ दावनार. आन सरळ आसंल तवा डावीकडं."

"कलंड्याला जायचंय मला. सासूला घिऊन."

"जाताना खाचरं कुठल्या अंगाला?"

"उजव्या."

"मग जाताना काय टेन्शनच न्हाई. झ्याक सरळ दिसंल."

"आन येताना?"

शब्बीर खोकला. "येताना आत्यांना जरा डोळं मिटाया सांगा. त्या स्क्रूचा पाना माज्या गॅरेजात हाय, आन चावी माज्या खिशात."

संजीवनीला हसावं की रडावं कळेना. सासूला खरं सांगितलं तर ती इथंच एसटी स्टँडवर बसेल आणि कुंची भोराच्या पुढं जायची नाही. तिनं फोन ठेवला आणि सासूसाठी दार उघडलं.

कलंडा आला. संजीवनीनं बारका गिअर टाकला. उजवीकडे खाली पिवळं पडत चाललेलं भात दिसत होतं, तिच्या खांद्याच्या अगदी खाली. तिचं अंग आपसूक डावीकडे रेललं. चाक एका दगडावरून उतरलं, गाडी आणखी थोडी कलली. आणि डबीतली चिमुकली गाडी हिरव्यात, शहाण्या मुलीसारखी सरळ उभी. लीलाबाईंची नजर खाली मांडीकडे होती. तोंडातली सुपारी तेवढी चघळायची थांबली होती. कलंडा सरला तसं चघळणं पुन्हा सुरू झालं.

वाडीत व्याही दारातच उभे होते. "जय भीम, विहीणबाई. आज पायी न्हाई?"

"न्हाई. आज कुणी मांडीव बसायचं भ्या न्हवतं," लीलाबाई म्हणाल्या. फेटा हलेस्तोवर व्याही हसले.

बुद्धवंदना झाली, पाळणा झाला. आजीच्या कुंचीत बाळाचा चेहरा बोराएवढा दिसत होता. नाव ठेवलं सोनिया. लीलाबाईंनी तिला मांडीवर घेतलं ते दुपार कलली तरी खाली ठेवलं नाही. वनिताला त्या म्हणाल्या, "आता म्या म्हयन्याला यीन. गुडगं न्हाईत तर न्हाईत." आणि त्यावेळी त्यांनी संजीवनीकडे पाहिलं.

खरं सांगायची हीच वेळ होती. पण बायका ओट्या भरायच्या गडबडीत, पोरं गाडीवर चढलेली, व्याह्यांचा आग्रह चाललेला. ती गाडीत येऊन बसली, गळ्यातला नॅपकिन काढला आणि डबीवर पसरून टाकला.

"हे काय?" लीलाबाई चढता चढता म्हणाल्या.

"ऊन चमकतंय काचंवर."

ऊन त्यांच्या मागं होतं. लीलाबाईंनी बाटली पुन्हा मांडीवर घेतली.

आता कलंड्यावर खाचरं डाव्या अंगाला, म्हणजे लीलाबाईंच्या खिडकीखाली. संजीवनीनं गिअर टाकला, दरडीला घासून गाडी घेतली. ऐन मध्यावर आल्यावर लीलाबाईंनी हात लांब केला आणि नॅपकिन उचलला.

चिमुकली गाडी तांबड्यात जाऊन जवळजवळ आडवी झाली होती. टेम्पोसारखी.

संजीवनीनं ब्रेक दाबला. "आत्या, खोटं हाय त्ये. शब्बीरभावजींनी गाडी जॅकवर आसताना बसवलंय. म्या सकाळीच सांगनार हुते, पर तुमी उतरला आसता..."

"किती खोटं बोलतीया ही," लीलाबाई डबीकडे बघत म्हणाल्या. संजीवनीला वाटलं, आता दार उघडतील. पण त्यांनी मांडीवरची बाटली वर धरली. "ह्ये बग."

बाटलीतलं पाणी खाचरांच्या बाजूला चढलं होतं. पण फार नाही.

"जन्म भाताच्या चिखलात ग्येला माजा. खाचर सपाट हाय का न्हाई त्ये पाण्याला इचारायचं, काट्याला न्हाई. डांबरीवं पाणी सरळ आन तुजं कासव तिरकं, तवाच म्हनलं, एकतर रस्ता खुळा हाय न्हाईतर कासव. मग जाताना हितं पाणी तुज्या अंगाला चढलं आन कासव सरळ. म्हंजी जेवडं आदी लपवलं तेवडं आता फुगवून सांगनार." त्यांनी बाटली पुन्हा मांडीवर ठेवली. "आन तू तोंडानं गप हुतीस. तू गप आसतीस तवा गाडी लई बरी चालवतीस."

"मग उतरला का न्हाई?"

"कबूल तांबड्याचं केलतं. तांबडं खोटं निगालं, मग कबुली कशाची? चल म्होरं. आन त्या दरडीला आरसा घासू नगं, अजितनं नवा बसवलाय."

संजीवनीनं ब्रेक सोडला. दोघी सासू-सुना बाटलीतल्या पाण्याकडे बघत कलंडा उतरल्या.

घरी पोचेपर्यंत दिवस डोंगराआड गेला होता. संजीवनीनं बाटली उचलून पाणी आळ्यात ओतायला झाकण फिरवलं, तेवढ्यात लीलाबाई ओरडल्या, "ऱ्हाऊ दे गाडीत. आन सखूबाईला सांगून ठिव, बाजारादिशी फुडं म्या बसनार. हात करायचा आसंल तर मागनं कर म्हनावं."

"आन शब्बीरभावजींना काय सांगू?"

"पाना घिऊन सरळ करा म्हनावं. पर आंगनात आनून. गाडी सपाट हुबी हाय का न्हाई त्ये म्या बगनार."

गोठ्यात म्हैस हंबरली. तिला वेळ झाली होती. संजीवनीनं चाकांवरचा चिखल उद्यावर टाकला, चरवी धुतली आणि पदर खोचून धारेला बसली.