आवतण दिलेला बैल

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आजही माझे डोके तडकते.

मी तेव्हा वाशीम जिल्ह्यात ठाणेदार होतो. पोळ्याचा दिवस म्हणजे आमच्या लेखी बंदोबस्ताचा दिवस. तोरणाखाली कोणाची जोडी आधी, एवढ्यावरून गावोगाव डोकी फुटतात. नेमका त्याच सकाळी मेडशीकडचा एक शेतकरी ठाण्यात येऊन उभा राहिला. आदल्या दुपारी त्याचा बैल धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चोरीला गेला होता.

"जोडीतला एक आधीच मेला सायेब. हा कारंज्याच्या बाजारातून आणला, जोडी जमवली, अन् पोयाच्या तोंडावर नेला! सापडला तर त्याले आतच टाका."

गुन्हा दाखल केला. हवालदाराचे म्हणणे पडले की जनावरे ट्रकात भरून नेणारी टोळी असावी. मी नाकाबंदी लावली, आधीच तुटपुंजी असलेली माणसे आणखी वाटली. तेवढ्यात एका चहावाल्याकडून खबर आली. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या बाहेर भाजीपाल्याची वाडी करणारा एक जण काल संध्याकाळी बैल घेऊन जाताना दिसला होता. बैलाला दोर नव्हता आणि तो त्याच्या खांद्याला खांदा लावून चालत होता.

आम्ही पोचलो तेव्हा बैल गोठ्यात निवांत रवंथ करत होता आणि चोर त्याच्या शिंगांना रंग देत होता. टोळीबिळी काही नव्हती. मला हसावे की ओरडावे कळेना, म्हणून ओरडलो. दोघांना ठाण्यात आणले.

चौकशी म्हणजे नुसता वैताग. पन्नाशीचा माणूस, खाली मान घालून बाकावर बसलेला.

"बैल तू नेलास?"

"हो."

"कशासाठी? कुणाला विकणार होतास?"

गप्प. दटावले, समजावले, चहा पाजला. चहा प्यायला आणि पुन्हा गप्प. गुन्हा कबूल करून कारण न सांगणारा आरोपी पोलिसाला सगळ्यात जास्त छळतो. तिकडे आवारात बांधलेल्या मुद्देमालाने मी हौसेने लावलेली जास्वंद बुडासकट खाऊन टाकली. फोनवर फोन येत होते, दोन गावांत जोड्यांवरून बाचाबाची सुरू झाली होती, आणि माझा एक शिपाई बैलासाठी कडबा शोधत फिरत होता.

दुपारी ओळख पटवायला फिर्यादी आला. येताच आरोपीच्या अंगावर धावून गेला. आम्ही आवरला. मग तो बैलाकडे गेला, त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि थबकला. हाताला हळद आणि तूप लागले होते.

आमच्या भागात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तूप लावून, पळसाच्या पानांनी शेकतात. वर्षभर जू वाहून त्यांना घट्टे पडलेले असतात. खांदे शेकून झाले की बैलाला हात जोडून म्हणतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' चोरलेल्या बैलाचे हे सोपस्कार कोणी करत नाही.

"कोनं शेकला याचा खांदा?" फिर्यादीने विचारले.

"म्या," आरोपी म्हणाला. सकाळच्या 'हो'नंतर त्याच्या तोंडून फुटलेला तो पहिला शब्द. "माह्याच गोठ्यातला हाय हा. याचा जोडीदार लंपीच्या रोगात गेला भाऊ. मंग याच्याकडं पाहवे ना. इकून टाकला. तुमच्या गावच्या बाजारात भाजी घेऊन आलो, तं हा धुऱ्यावर दिसला. मले पाह्यलं अन् मांगं मांगं चालू लागला. वाटलं, खांदा शेकतो अन् सकायी आणून बांधतो."

"मग सकाळी का नाही बांधलास?" मी खेकसलो.

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू अडाणी मीच. "आवतन देऊन बसलो ना सायेब. जेवू न घालता कसा धाडू?"

मी कपाळाला हात लावला. फिर्यादी मात्र त्याच्या शेजारी बाकावर बसला.

"माहाबी लंपीतच गेला," तो हळूच म्हणाला. "गाठी आल्त्या का मानेवर?"

"सारं अंग भरलं होतं. उभा राहे ना."

"पुरतानी खड्ड्यात मीठ टाकलं?"

"टाकलं. अन् पोयाची झूल बी टाकली अंगावर."

फिर्यादीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "म्याबी झूलच टाकली, भाऊ."

मग ती दोन धट्टीकट्टी माणसे माझ्यासमोर ढसाढसा रडली. सकाळपर्यंत एकमेकांचे तोंड न पाहिलेली माणसे! मला त्यांचा राग आला होता आणि मी खिशात रुमाल चाचपत होतो, आणि दोन्ही एकदम होणे फार त्रासाचे असते.

"सायेब, तक्रार फाडून टाका," फिर्यादी म्हणाला. गुन्हा म्हणजे काय पाटीवरची अक्षरे आहेत, पुसून टाकायला? पंचनामा झालेला, वरती कळवलेले. आरोपीला नोटीस देऊन सोडले आणि बैल सुपूर्दनाम्यावर मालकाच्या ताब्यात दिला. तरी ते हलेनात. आरोपीच्या बायकोने वाडीवरून पुरणपोळी आणली, ठाण्याच्या आवारात मुद्देमालाला जेवू घातली, तेव्हा कुठे माझे आवार मोकळे झाले. संध्याकाळी मेडशीच्या तोरणाखाली तो बैल उभा राहिला. त्याचा कासरा आरोपीच्या हातात होता आणि शेजारच्या बैलाचा फिर्यादीच्या. पुढे कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली.

माणसाला बोलते करण्याच्या सगळ्या युक्त्या मला येत होत्या, असा माझा समज होता. पण ज्याने तसाच खड्डा खणला होता, त्याच्यापुढेच तो माणूस बोलला. त्यानंतर कोणी गप्प बसला की मी आधी बघायचो, याच्यासारखे सोसलेला आणखी कोण आहे. पुष्कळदा तो बाहेरच्याच बाकावर सापडायचा.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होऊन वाशीमला घरी बसलो होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी तेच दोघे दारात हजर. हात जोडून म्हणाले, "सायेब, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"अरे, हे बैलाला म्हणतात!" मी चिडलो.

"मंग? तुमी काय कमी वढलं?"

दुसऱ्या दिवशी निमूट गेलो. आवतण दिलेल्याला जेवू घातल्याशिवाय तो माणूस सोडत नाही, हे त्याच्या जबाबात मीच लिहून घेतले होते.