बिनखताचं खाचर

शंभर वर्षं जगायचं ठरवलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत; चांदे गावात औषधांचं दुकान चालवायचं म्हणजे ती रोजच भेटतात. पण आमच्या घरमालकांइतक्या आनंदाने म्हातारपणाशी कुस्ती खेळणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा नसेल. माझं दुकान त्यांच्याच इमारतीत, तळमजल्यावर. पहिल्या मजल्यावर ते आणि मावशी, म्हणजे त्यांच्या मंडळी. त्याच्या वरच्या खोल्यांत हिंजवडीला कामाला जाणारी मुलं राहतात आणि खोली सोडताना पावडरींचे, गोळ्यांचे अर्धेमुर्धे डबे मागे टाकून जातात. सत्तरी ओलांडल्यावर मालकांना दीर्घायुष्याचा मार्ग सापडला तो या डब्यांत. चांगली वस्तू टाकून कशाला द्यायची, हे त्यामागचं पहिलं शास्त्रीय तत्त्व.

डबा सापडला की ते थेट माझ्या काउंटरवर येत. मी चष्मा लावून वाचायला लागलो की हात वर करून थांबवत. "फायदा नगा सांगू, त्यो डब्यावर लिवलाय. तोटा सांगा." मग मी सांगायचो, याने रक्त पातळ होतं, त्याने पोट बिघडतं. मालक डोळे मिटून तोलून बघत आणि बहुधा घ्यायचंच ठरवत. पण माणूस नेमाचा. माशाच्या तेलाची कॅप्सूल सोमवारी, गुरुवारी आणि एकादशीला बंद. श्रावणात तर महिनाभर बंद, म्हणून गटारीला त्यांनी एकदम दोन गिळल्या आणि वर तृप्तीचा ढेकर दिला. कुणाची तरी व्हॅनिलाची प्रोटीन पावडर त्यांनी भाकरीच्या पिठात मळायला लावली होती. ती भाकरी कुत्र्याने हुंगून सोडली, मालकांनी मात्र सुकटीच्या कालवणाबरोबर संपवली.

भात करणाऱ्याला नवं खत पारखायची एक रीत ठाऊक असते. सगळीकडे खत टाकायचं, पण एक खाचर तसंच ठेवायचं, म्हणजे फरक कळतो. मालकांनी तीच रीत घरात आणली. खत स्वतःला आणि बिनखताचं खाचर मावशी. त्यांना एकही गोळी मिळत नसे. वर्षभर जिना कोण आधी चढतं, सुईत दोरा कोण आधी ओवतं, अशा शर्यती चालल्या. बहुतेक मावशीच जिंकत. खत लागू व्हायला वेळ लागतो, असं मालकांचं म्हणणं.

शेवटी मी दोघांनाही रक्त तपासून घ्यायला लावलं. मावशींच्या रिपोर्टात नाव ठेवायला जागा नव्हती. मालकांचं लिव्हर मात्र कुरकुरत होतं. हळदीच्या गोळ्यांपासून पावडरीपर्यंत सगळं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. मी चेष्टेने म्हणालो, मालक, बिनखताचंच खाचर सरस निघालं की! ते हसले नाहीत. त्यांनी रिपोर्टाची घडी करून खिशात घातली.

"तुमास्नी वाटतं मला शंभर करायचीत," ते म्हणाले. "मला तिच्यापक्षा एक दिस जास्त पायजे, बास. मी जेवल्याबिगर ती कदी जेवली न्हाई. मी आदी गेलो तर तिला जेवाया कोन लावनार?"

यावर माझ्या दुकानात गोळी नव्हती.

पण मालक हात टेकणारे नव्हेत. दोन महिन्यांत लिव्हर ताळ्यावर आलं आणि त्यांनी नवा उपाय काढला: मावशींना एकटीने जेवायची सवय लावायची. हल्ली ऐन जेवणाच्या वेळी ते शेजारच्या रिहे गावात काम आहे, तू जेवून घे, असं सांगून बाहेर पडतात आणि माझ्या दुकानात कपाटाआड येऊन बसतात. पोटात कावळे ओरडत असतात, पण पाण्याशिवाय काही घेत नाहीत. अर्ध्या तासाने हळूच वर डोकावून येतात. काल आले तेव्हा मी विचारलं, जेवल्या का मावशी?

"कशाची जेवतीया? दोन ताटं करून बसलीया." त्यांनी रागवायचा प्रयत्न केला, पण जमेना. सगळं तोंड हसत होतं. "ऱ्हाऊ द्या आजच्या दिस. उद्यापास्नं लावू सवय."

हे ते रोज म्हणतात. ते वर जेवायला जातात आणि मी पुन्हा काउंटरवर येतो. असे उद्या त्यांना पुष्कळ मिळोत, एवढंच मनात येतं.